पेडल दाबले, पण आवाज वाढेना

अंजनगाव सुर्जी हे नाव तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात, १८०३ सालच्या शिंदे-इंग्रज तहामुळे, भेटले असेल. याच गावातला अकरावीचा एक विद्यार्थी स्नेहसंमेलनाच्या चार दिवस आधी एक पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडे आला. डब्यात त्याने स्वतः बांधलेले गिटारचे पेडल होते. पायाने खटका दाबला की गिटारचा आवाज वाढावा, एवढेच त्याचे काम. "बारीक तार वाढते जी सर, पण जाड तार आहे तशीच राहते. ट्रान्झिस्टर उडाला काय?"

त्याने दोन ट्रान्झिस्टर बदलूनही पाहिले होते. बिघाड झाला की पहिला संशय ट्रान्झिस्टरवर घ्यायचा, ही खोड पुष्कळांना असते. वास्तविक त्याच्या तक्रारीतच उत्तर दडलेले होते. आपण वाजवतो ती तार जाड की बारीक, हे ट्रान्झिस्टरला कुठून कळणार?

मंडल अगदी साधे होते. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या 'एलपीबी-१' या पेडलचेच ते. ९ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, त्याच्या कलेक्टरला १० किलोओहमचा रोध आणि एमिटरला ३९० ओहमचा. या दोन रोधांचा भागाकार सुमारे २५ येतो. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा थोडा रोध धरला, की विवर्धन २० पटींच्या आसपास राहते. कलेक्टरवरून एका कपॅसिटरमधून (धारित्रातून) संदेश व्हॉल्यूम कंट्रोलला जातो आणि तेथून बाहेर.

आम्ही आधी मीटर लावला. पेडल चालू असताना बॅटरी ९ व्होल्ट. कलेक्टरवर ३.८ व्होल्ट, म्हणजे ठीक. येथे पुरते ९ व्होल्ट दिसले असते तर ट्रान्झिस्टरमधून प्रवाहच जात नाही असे समजायचे. अर्ध्या व्होल्टाच्या खाली दिसले असते तर तो पूर्ण उघडून बसला आहे असे. अशा वेळी पाय तपासावेत. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. परदेशी आकृत्यांत नेहमी दिसणाऱ्या २एन ३९०४ चा क्रम याच्या नेमका उलटा. पुस्तकातली आकृती तशीच उतरवणारे येथे हमखास फसतात. आमच्या गड्याने मात्र पाय बरोबर जोडले होते.

मग कान लावला. अँप्लिफायरकडे जाणाऱ्या वायरच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून ते टोक मंडलातील एकेका बिंदूला टेकवत गेलो. (अँप्लिफायरचा आवाज कमी ठेवावा आणि घरच्या विजेवर चालणारा अँप्लिफायर मुळीच उघडू नये. ही तपासणी फक्त बॅटरीवरच्या डब्यात करायची.) कलेक्टरवर जाड तार दणदणीत वाजली. कपॅसिटरच्या पलीकडे टोक टेकवताच ती दुबळी झाली. चोर सापडला!

कपॅसिटरवर १०३ छापले होते. त्याचा अर्थ १० वर तीन शून्ये, म्हणजे १०,००० पिकोफॅरड, अर्थात ०.०१ मायक्रोफॅरड. हवा होता १०४, त्याच्या दसपट. शिवाय व्हॉल्यूम कंट्रोल १०० किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा बसवलेला.

आता हिशेब करू. कपॅसिटरचा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध कंप्रतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. सूत्र १ ÷ (२ × ३.१४ × कंप्रता × धारिता). त्यात किंमती घाला: विरोध सुमारे १९४ किलोओहम! संदेशाच्या वाटेत हा १९४, कलेक्टरचा १० आणि शेवटी कंट्रोलचा १०. कपॅसिटरचा विरोध रोधात सरळ मिळवता येत नाही, वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे लागते. पण येथे एकटा कपॅसिटरच इतका मोठा आहे की एकूण १९५ च्या आसपासच येते. कंट्रोलच्या वाट्याला त्यातला जेमतेम विसावा भाग. ट्रान्झिस्टरने वीसपट केले, पुढे त्याचा विसावा भाग उरला. बाहेर आले तेवढेच! सर्वांत बारीक तार ३३० कंपनांची. तिला विरोध ४८ किलोओहमच, म्हणून ती जवळजवळ चौपट होत होती. (स्वतः करून पाहा.)

१०४ चा कपॅसिटर घातल्यावर जाड तार सातपट झाली. कंट्रोलही १०० किलोओहमचा बसवल्यावर अठरापट. दुसरी दुरुस्ती विसरली जाते ती येथेच, कारण सातपट ऐकूनच आपण खूश होऊन डबा बंद करतो.

काढलेला १०३ चा कपॅसिटर त्याने टाकला नाही. लहान कपॅसिटरने खर्ज मुद्दाम गाळून बारीक तारा उठावदार करणारी पेडले इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात विकली जात, हे मी बोलून गेलो होतो. संमेलनाच्या दिवशी पाहतो तो डब्याला दुसरा खटका!