पगारवाढ झाली, विमा गेला

कारखान्यातील वा दुकानातील नोकरदाराच्या हाती महिनाअखेरीस वेतनचिठ्ठी पडली की त्याची नजर प्रथम तळाच्या आकड्यावर जाते. मधल्या कपातींकडे लक्ष गेलेच तर ते नाराजीने जाते. या कपातींत 'ई.एस.आय.' अशी अक्षरे आणि त्यांपुढे शे-दीडशे रुपयांचा आकडा असतो. मग एखाद्या वर्षी पगार वाढतो आणि काही महिन्यांनी तो रकाना कोरा होतो. दीडशे रुपये वाचले म्हणून घरात समाधानच व्यक्त होते. त्या रकान्याबरोबर आणखी काय गेले याचा उलगडा होण्यास मात्र घरात एखादे मोठे आजारपण यावे लागते.

राज्य कामगार विमा योजना ही मालकाच्या उदारपणातून निघालेली नाही. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सरकारला सादर केलेल्या अहवालातून तिची आखणी झाली, १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूर येथे तिचा प्रारंभ झाला. महाराष्ट्रात ती १९५४ साली प्रथम नागपुरात आली. आता त्या जुन्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तथापि मूळ तत्त्व तेच राहिले आहे. ज्याने त्याने आपल्या वेतनाच्या प्रमाणात द्यावे आणि ज्याला त्याला गरजेच्या प्रमाणात मिळावे, हे ते तत्त्व. अविवाहित तरुण आणि पाच माणसांचा कुटुंबप्रमुख यांचे वेतन सारखे असेल तर अंशदानही सारखेच. वय किती, मधुमेह आहे काय, हा प्रश्न येथे विचारला जात नाही.

या अंशदानातून मिळणाऱ्या लाभांची माहिती खुद्द विमाधारकांपैकी अनेकांना नसते. कुटुंबाच्या औषधोपचाराला ठरावीक रकमेचे कुंपण नाही. सहा महिन्यांच्या अंशदानकाळात ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घ आजारांत काही अटींवर हे प्रमाण ८० टक्के होते आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. प्रसूतीसाठी २६ आठवडे पूर्ण वेतन मिळते. कामावर अपघात होऊन तात्पुरते अपंगत्व आल्यास वेतनाच्या ९० टक्के, आणि मृत्यू ओढवल्यास अवलंबितांना निवृत्तिवेतन. आजारी माणसाला रुग्णालयाच्या बिलाची जितकी चिंता असते तितकीच घरी चूल कशी पेटेल याचीही असते, हे ओळखून ही योजना आखली गेली.

मर्यादा ओलांडणाऱ्याला मालकाने काढलेला सामूहिक मेडिक्लेम मिळाला तर तो नशीबवान समजावयाचा. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली आणलेला हा प्रकार आज कचेऱ्यांत सर्वपरिचित आहे. पण तो केवळ रुग्णालयाच्या बिलाचा विमा होय. बुडालेल्या पगाराशी त्याला कर्तव्य नाही, आणि नोकरी सुटली की सामान्यतः तोही सुटतो. शिवाय त्यातील बारीक अक्षरांतली कलमे कोणी वाचत नाही. समजा, विमा तीन लाखांचा आहे आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतली तर वरचे ३,००० रुपये आपल्या खिशातून जातील, एवढाच हिशेब नातेवाईक करतात. वस्तुतः कात्री पुढेच असते. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे यांचे दर बहुतेक खासगी रुग्णालयांत खोलीच्या दर्जाप्रमाणे चढत जातात. म्हणून अशा पॉलिसीत विमा कंपनी हे खर्चही त्याच प्रमाणात कापते. हे खर्च ८०,००० रुपये झाले असतील तर कंपनी ४०,००० देईल. औषधे, शरीरात बसवावयाची साधने आणि तपासण्या या कपातीतून वगळल्या जातात, एवढाच दिलासा. बिल चुकते करण्याच्या खिडकीपाशी या कलमाचा परिचय व्हावा, यापरते वाईट वाचन नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे. राज्य विम्याची वेतनमर्यादा आरंभी महिना ४०० रुपये होती. मे २०१० मध्ये ती १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. त्यानंतर आठ वर्षे लोटली तरी तिला कोणी हात लावला नाही. या काळात किमती वाढल्या, किमतींच्या मागोमाग पगारही थोडेफार वाढले. परिणामी, ज्याची खरी कमाई तसूभरही वाढलेली नाही असा कामगारही केवळ कागदोपत्री 'वरच्या वर्गात' गेला. महागाईने त्याला दोन्हीकडून गाठले.

२१,००० रुपये वेतनावर कामगाराचे अंशदान पाऊण टक्क्याने १५८ रुपये आणि मालकाचे सव्वातीन टक्क्यांनी ६८३ रुपये होते. समजा, मालकाने पाचशे रुपयांची वाढ दिली आणि वेतन २१,५०० झाले. चालू अंशदानकाळ सप्टेंबर वा मार्चअखेर संपेपर्यंत कपात चालू राहते, त्यानंतरच्या लाभकाळापुरते संरक्षणही उरते. मग सारे थांबते. अन्य देणी बाजूला ठेवली तर मालकाला वाढीपोटी ५०० रुपये द्यावे लागतात आणि अंशदानाचे ६८३ वाचतात. म्हणजे पगार वाढवून तो महिना १८३ रुपयांनी फायद्यात राहतो! कामगाराच्या हातीही ६५८ रुपये अधिक पडतात. दोघेही खूश, आणि एवढे करून एका कुटुंबाचे संरक्षण नाहीसे झालेले असते. तेवढे संरक्षण ६५८ रुपयांत बाजारात मिळत नाही, याविषयी शंका नको. म्हातारे आईवडील घरात असतील तर त्यांच्या विम्याचाच हप्ता या रकमेच्या कितीतरी पट होतो, आणि जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते ते वेगळेच.

यावर उत्तर दिले जाते की, बऱ्या पगाराचा माणूस राज्य विम्याच्या रुग्णालयात पाऊल ठेवत नाही. मग त्याच्याकडून पैसे का घ्यावेत? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. दवाखान्यांतील रांगा, औषधांचा तुटवडा, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा यांचा अनुभव कामगारांना आहे. मुंबईत मरोळ येथील कामगार रुग्णालयाला १७ डिसेंबर २०१८ रोजी लागलेल्या आगीत माणसे दगावली. मूळ रचनेतच रोख लाभ महामंडळाने द्यावयाचे आणि दवाखाने राज्य सरकारांनी चालवावयाचे, अशी विभागणी असल्याने एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय झाली. परंतु अशा स्थितीत जुलै २०१९ मध्ये अंशदानाचा एकूण दर साडेसहावरून चार टक्क्यांवर आणण्यात आला आणि त्या अडीच टक्क्यांतील दीड टक्का मालकांच्या वाट्याला गेला. तो पैसा दवाखान्यांवर का खर्च झाला नाही, हा प्रश्न विचारला जावयास हवा होता. आणि तो विचारू शकणारा, चार अक्षरे अधिक शिकलेला, थोडा वरच्या पगाराचा सभासदच मर्यादेमुळे योजनेबाहेर पडत असतो.

उपाय दूर शोधावयास नको. तो त्याच वेतनचिठ्ठीवर शेजारच्या रकान्यात आहे. भविष्यनिर्वाह निधीलाही १५,००० रुपयांची वेतनमर्यादा २०१४ साली घालण्यात आली. पण एकदा सभासद झालेल्या कामगाराचे वेतन त्यापुढे गेले म्हणून त्याचे खाते कोणी बंद करीत नाही. अंशदान हवे तर १५,००० रुपयांवरच भरावे, सभासदत्व कायम राहते. तेथे मर्यादा ही हिशेबाची रेघ आहे, येथे ती हकालपट्टीची. राज्य विम्यातही मर्यादेपुढे गेलेल्याने २१,००० रुपयांवरचे अंशदान भरीत राहावे आणि मालकानेही आपला वाटा द्यावा, अशी दुरुस्ती करण्यात कोणती मोठी अडचण आहे? तसे झाले तर मालकाला वाढ देऊन अंशदान वाचवण्याचा मोह राहणार नाही, आणि वाढ पुढच्या सहामाहीपर्यंत थांबवा अशी विनंती करण्याची पाळी जाणत्या कामगारावर येणार नाही. हा अन्याय महामंडळाला अगदीच दिसत नाही असेही नाही. पगार मर्यादेपुढे गेल्यामुळे निवृत्तीनंतरच्या औषधोपचारालाही मुकलेल्या, ३०,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या जुन्या विमाधारकांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने नियम सैल करण्याचा निर्णय घेतला. निवृत्तांना जे मान्य केले, ते आज यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला का नाकारावे, याचा खुलासा महामंडळाने करावयाचा आहे.