४६ लाख किलोमीटर आणि दोन मायक्रॉनची फट

ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी १९८१ साली १९७६ची एक वापरलेली मर्सिडीज २४०डी घेतली. ती तोवर २ लाख २० हजार किलोमीटर धावली होती. २००४ मध्ये त्यांनी ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली, तेव्हा आकडा ४६ लाखांवर पोचला होता. पृथ्वीला ११५ प्रदक्षिणा होतील एवढे हे अंतर. चंद्राच्या हिशेबात मांडायचे तर सहा वेळा जाणे आणि सहा वेळा परत येणे. २३ वर्षांत एकही दिवस खाडा न करता रोज ५२० किलोमीटर.

‘जुनी डिझेल इंजिने मरतच नसत’ म्हणणाऱ्यांचे हे लाडके उदाहरण. महाराष्ट्राशीही या इंजिनाचे जुने नाते आहे. या गाडीतले ओएम६१६ हे इंजिन आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या परवान्यावर बनवले. याच कंपनीच्या, वडापला चालणाऱ्या ट्रॅक्समध्ये दाटीवाटीने बसून ज्यांनी घाट चढले त्यांनी ते इंजिन ऐकलेले आहे.

पण या विक्रमातला एक तपशील सांगताना बहुतेक वेळा गाळला जातो. ते अंतर एका इंजिनाने कापले नाही. साचिनिदिस यांच्याकडे तीन इंजिने होती. एक गाडीत, बाकीची दुरुस्तीत किंवा राखीव. अशी अकरा वेळा अदलाबदल झाली. एका इंजिनाच्या वाट्याला सरासरी १५ लाख किलोमीटर आले, तेही मधूनमधून उघडून, काम करून. किलोमीटरला ढोबळ २,००० फेरे धरले तर ४६ लाख किलोमीटरचे ९२० कोटी फेरे होतात. माझ्या मते त्या गाडीचा खरा पराक्रम दुरुस्तीचा आहे. इंजिन पुन्हापुन्हा उघडता आले, बोअर, रिंगा, बेअरिंग बदलता आले आणि ते पुन्हा उभे राहिले.

एवढे सोसण्याचे बळ त्या लोखंडात आले कुठून? त्याच्याकडून मागणी फार थोडी होती. २,४०४ सीसीच्या त्या इंजिनाची ताकद सुरुवातीला ६५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २७. त्याच घराण्यातले २०१६चे ओएम६५४ पाहा: १,९५० सीसी आणि १९४ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे जवळपास १००. गंमत अशी की दोघांचा पिस्टन जवळजवळ तेवढाच वर-खाली होतो. जुन्याचा स्ट्रोक ९२.४ मिलिमीटर, नव्याचा ९२.३. चाळीस वर्षांत स्ट्रोक केसभरही वाढला नाही आणि प्रत्येक लिटरकडून पावणेचारपट काम घेतले जाऊ लागले. तेही ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधून.

विहिरीवरच्या इंजिनांचे गणित तर आणखी सोपे. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचे सीएस हे सहा अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला फक्त ६५० फेरे घेई. राजकोटमध्ये त्याच्या प्रतिकृती दशकानुदशके बनत राहिल्या. दिवसाला आठ तास, वर्षाला ३०० दिवस चालले तर ९ कोटी ३६ लाख फेरे. तेवढ्याच तासांत ३,००० फेऱ्यांचे इंजिन ४३ कोटी २० लाख फेरे घेते. सावकाश चालणारे जास्त वर्षे चालले, यात चमत्कार नाही.

आता नव्या इंजिनाच्या आत जाऊ. खरे थक्क व्हायचे ते इथे.

ओएम६१६च्या नोझलला डिझेल सोडायला सुमारे ११५ बार दाब पुरे. ओएम६५४मध्ये कॉमन रेलचा, म्हणजे सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीचा, दाब २,०५० बारपर्यंत जातो. चौरस सेंटिमीटरला दोन टनांहून जास्त. पृथ्वीवरची सर्वांत खोल जागा म्हणजे पॅसिफिकमधली मारियाना गर्ता. तिच्या तळाशी पाण्याचा दाब साधारण १,१०० बार असतो. इंजिनावर पूर्ण भार आला की त्याच्या जवळपास दुप्पट दाब तुमच्या-आमच्या बॉनेटखाली तयार होतो.

आणि हे डिझेल एका धारेत सुटत नाही. एका स्फोटासाठी ते अनेक हप्त्यांत फवारले जाते. पहिला हप्ता कधीकधी घन मिलिमीटरभर. आपण पाच हप्ते धरू. २,००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,००० स्फोट, म्हणजे ५,००० फवारे. चार सिलिंडरचे तासाला १२ लाख. ताशी सरासरी ५० किलोमीटरने दोन लाख किलोमीटर जायला ४,००० तास लागतात. तेवढ्यात एकूण फवारे ४८० कोटी, एका इंजेक्टरच्या वाट्याला १२० कोटी. प्रत्येक फवारा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वेळेत सुरू होऊन बंदही झाला पाहिजे. त्यातल्या सुईभोवतीची फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस त्याच्या पंचवीस-तीसपट जाड. टाकीत थोडे पाणी शिरले, फिल्टर हलक्या दर्जाचा बसवला, की घाव थेट या फटीवर. जुने इंजिन असे डिझेल खोकत-खोकत पचवून टाकी. धूर काढी, पण मुक्कामाला पोचवी.

इथे विश्वासार्हतेचा एक निर्दय नियम लागतो. जर्मन अभियंते रॉबर्ट लुसर यांच्या नावाने तो ओळखला जातो: एकामागे एक अवलंबून असलेल्या भागांची विश्वासार्हता गुणाकाराने घटते. प्रत्येक भाग ९९ टक्के भरवशाचा आणि असे २० भाग असतील तर सगळे मिळून भरवसा ८२ टक्के. तेच १०० भाग झाले तर ३७ टक्के! पुन्हा ९० टक्क्यांवर यायचे तर प्रत्येक भाग ९९.९ टक्के भरवशाचा हवा, म्हणजे बिघाडाची शक्यता दहापट कमी. जुन्या इंजिनाला पंप, नोझल आणि हवा मिळाली की ते चाले. नव्याला सेन्सर, धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर, टर्बो, काजळीचा फिल्टर, डीईएफची (युरियाच्या द्रावणाची) टाकी आणि या सगळ्यांना बांधणारी वायर लागते. म्हणून आजचा प्रत्येक सुटा भाग जुन्या भागापेक्षा सरस असूनही गाडी एखाद्या सेन्सरपायी रस्त्यात लंगडते. मिस्त्रीने कान लावून ओळखायचे दिवस गेले. स्कॅनर नसेल तर हातातला पाना काही कामाचा नाही, आणि गावाकडच्या कुशल फिटरवर ही वेळ आली याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही जुन्याच्या बाजूने मी मत देणार नाही, कारण त्या टिकाऊपणाचा अर्धा खर्च छातीने भरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगाच्या सिद्ध कारणांत घातला. आपल्याकडे २००० साली मोठ्या ट्रकच्या इंजिनाला किलोवॅट-तासामागे ०.३६ ग्रॅम कणांची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ती ०.०१ आहे. तेवढेच काम करणाऱ्या ३६ नव्या ट्रकांची मुभा एकत्र केली तेव्हा कुठे एका जुन्या ट्रकाची भरते. डिझेलमधले गंधक नव्वदीच्या सुरुवातीला दशलक्ष भागांत १०,००० भागांपर्यंत चाले. आज मर्यादा १० भाग, हजारपट कमी. आणि डिझेल मोटारींना कणांची संख्यासुद्धा मोजून द्यावी लागते: किलोमीटरला ६०,००० कोटींपेक्षा जास्त नको. ही ‘स्वच्छ’ गाडीची मर्यादा आहे. आधीच्या गाड्यांमागे शाळेत चालत जाणाऱ्या पोरांनी काय श्वासात घेतले असेल, याचा हिशेब कुठल्याच ओडोमीटरवर नाही.

लोखंडाचे म्हणाल तर नवे हरलेलेही नाही. अमेरिकेत डेट्रॉइट कंपनीने आपल्या डीडी१५ या ट्रक इंजिनाचे बी-५० आयुष्य १२ लाख मैल सांगितले. त्याचा अर्थ, निम्मी इंजिने मोठे काम न निघता १९ लाख किलोमीटर गाठतील. साचिनिदिस यांच्या इंजिनांची सरासरी, अकरा अदलाबदली धरूनही, १५ लाख होती. शिवाय आज रस्त्यावर दिसणारी जुनी इंजिने ही तगलेली आहेत. जी बसली ती केव्हाच भंगारात वितळली, त्यांची आठवण कुणी काढत नाही.

माझा निवाडा असा: क्रँक, पिस्टन, लायनर यांत नवे पुढे, रस्त्यात अडकल्यावर हाताने सुटण्यात जुने पुढे, आणि फार पुढे. काजळीचा फिल्टर साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, त्याला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती दोन-चार किलोमीटरच्या फेरीत येत नाही. तेव्हा रोज गावातल्या गावातच फिरणार असाल तर नवे डिझेल घेऊ नका. लांब पल्ल्याला धावणार असाल तर खुशाल घ्या, पण डिझेल गर्दीच्या, खात्रीच्या पंपावर भरा, डिझेल फिल्टर वेळेआधी बदला आणि त्यातले पाणी काढायला विसरू नका.