समुद्राच्या हवेलाही असतं दिवस-रात्रीचं घड्याळ! शैवालं हवेत नेमकं काय सोडतात?

समुद्रावर गेल्यावर येणारा तो ओळखीचा वास निव्वळ खाऱ्या पाण्याचा नसतो. त्यात मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइड, म्हणजेच डीएमएस या गंधकयुक्त वायूचा असतो. त्याचं मूळ समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांमध्ये आहे. शैवालांपासून हवेत उडून जाणारी अशी इतरही संयुगं आहेत आणि त्यांचं प्रमाण दिवसभर एकसारखं नसतं.

उजेडाचा काय संबंध?

आयसोप्रीन हे सर्वात सोपं उदाहरण. शैवालं ते प्रामुख्याने उजेडात तयार करतात, अंधार पडला की उत्पादन एकदम घटतं.

ब्रोमोफॉर्मचं थोडं वेगळं आहे. प्रकाशसंश्लेषण सुरू असताना समुद्री शैवालांच्या पेशींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते पेशीला घातक असतं. त्याची विल्हेवाट लावताना एक एन्झाइम समुद्राच्या पाण्यातलं ब्रोमाइड वापरतं आणि त्यातून ब्रोमोफॉर्म बनतं. त्यामुळे उन्हात त्याचं प्रमाण वाढतं. हवेत हेच संयुग फुटून ब्रोमीन मोकळं होतं, जे ओझोन नष्ट करू शकतं.

मग दुपारी हवेत डीएमएस सर्वाधिक असेल ना?

नाही, उलटच! डीएमएस पाण्यातून हवेत रात्रंदिवस येत असतो. पण सूर्यप्रकाशामुळे हवेत हायड्रॉक्सिल नावाचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि ते डीएमएसला संपवतात. रात्री हे रेणू जवळपास नसतात, म्हणून वायू साठत जातो. परिणामी, किनाऱ्यापासून दूर स्वच्छ हवेत डीएमएस पहाटेच्या सुमारास सर्वाधिक आणि दुपारनंतर सर्वात कमी आढळतो. प्रशांत महासागरातल्या किरितिमाती बेटावरच्या मोजणीत हेच चक्र दिसलं होतं.

याने आपल्याला काय फरक पडतो?

डीएमएसपासून हवेत गंधकाचे सूक्ष्म कण बनतात. त्यांच्याभोवती बाष्प जमून ढगांचे थेंब तयार होतात. 1987 मध्ये रॉबर्ट चार्लसन, जेम्स लव्हलॉक, माइनराट आंद्रेए आणि स्टीफन वॉरन यांनी मांडलं की, शैवालं अशा प्रकारे पृथ्वीचं तापमान नियंत्रित करत असावीत. हे नियंत्रण खरंच इतकं प्रभावी आहे का, यावर पुढे बराच वाद झाला. मात्र समुद्रावरच्या ढगांमध्ये डीएमएसचा हातभार लागतो, हे मान्य आहे.

म्हणूनच मोजणीची वेळ महत्त्वाची ठरते. फक्त भर दुपारी नमुने घेतले, तर आयसोप्रीन आणि ब्रोमोफॉर्मचा अंदाज फुगतो, तर हवेतला डीएमएस कमी भासतो. असे एकांगी आकडे हवामानाच्या मॉडेलमध्ये गेले, तर ढगांचं गणितही चुकू शकतं. समुद्राने हवेत किती वायू सोडला, हे सांगताना तो किती वाजता मोजला, हेही सांगावं लागतं.