मोरीचा भाव

मॅसॅच्युसेट्समध्ये, केप कॉडच्या कोपरावर चॅटहॅम आहे. तिथल्या मच्छी धक्क्यावर बघ्यांसाठी वर सज्जा केलाय. ऑगस्टमधल्या एका दुपारी त्या सज्जातून होड्या रिकाम्या होताना बघत होते आणि एकदम मालवणच आठवलं. वर येत होती ती सगळी मोरी, म्हणजे छोटे शार्क.

इथे ती डॉगफिश. पाठ पाटीसारखी काळसर, त्यावर पांढरे ठिपके, पाठीवरच्या दोन्ही परांपुढे एकेक काटा. आपल्या मोरीला हा काटा नसतो. ‘हात जपा, काटा विषारी आहे,’ धक्क्यावरचा एकजण म्हणाला. पकडल्यावर रक्त काढून लगेच बर्फात घातली नाही, तर अमोनियाचा वास सुटतो.

होडीवाल्याला पौंडामागे साधारण २० सेंट मिळतात. २०२२ पासून एका फेरीला ७५०० पौंडांची मर्यादा आहे. म्हणजे होडी पुरती भरली तरी हातात दीड हजार डॉलर. त्यातूनच डिझेल, आमिष, बर्फ आणि माणसांची मजुरी.

समुद्र ओलांडला की नाव बदलतं, भावही. पाठ इंग्लंडला जाते, तिथे फिश अँड चिप्सच्या दुकानात ती ‘रॉक सॅमन’. फ्रान्समध्ये ‘सोमोनेत’. पोटाच्या पट्ट्या जर्मनीत धुरी देऊन वाळवतात. त्या वळतात, म्हणून कवी शिलरच्या कुरळ्या बटांवरून त्यांना ‘शिलरलॉकेन’ म्हणतात. पर आशियात सूपसाठी.

म्हणून कुठल्या देशाने मोरीवर किती कमावलं याचे तक्ते वाचताना मी आधी भाव कुठला ते बघते, धक्क्यावरचा की दुकानातला. युरोपीय संघाने २०११ मध्ये या मोरीचा कोटा शून्यावर आणला, तो २०२३ मध्ये पुन्हा खुला झाला. मधल्या काळात तक्त्यात युरोपची कमाई नगण्य दिसते, पण खाणारे तिथलेच होते.

खाली बर्फात पडलेल्या जवळजवळ सगळ्या माद्याच होत्या. किनाऱ्यालगत मोठ्या माद्यांचेच थवे येतात. पिल्लं पोटात दोनेक वर्षं वाढतात, त्यामुळे साठा एकदा खचला की सावरायला वेळ लागतो: १९९८ मध्ये तो खालावल्याचं अमेरिकेने जाहीर केलं, सावरल्याचं थेट २०१० मध्ये. अशा मादीचे पौंडाला २० सेंट, हे मला फार लागतं.

‘तुम्ही घरी खाता?’ हात जपायला सांगणाऱ्या त्या माणसाला मी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली, ‘सोलत कोण बसणार?’ आणि एक मासा मला दिला.

घरी उकळतं पाणी ओतून आईसारखी कातडी खरवडली. खरकागदासारखी ती, बोटं सोलून निघाली. तासाभराने कुठे मोरीचं मटण चुलीवर चढलं.