दाते अनेक, यजमान एक

लग्नघर ज्यांनीं जवळून पाहिलें आहे त्यांस एक गोष्ट सांगावयास नको. मदतीस माणसें थोडीं असलीं म्हणजे कार्याची ओढाताण होते, हें खरें. परंतु माणसें पुष्कळ असून कोणीं काय करावयाचें हें ठरलेलें नसलें म्हणजे जी त्रेधा उडते ती त्याहून मोठी असते. एकच जिन्नस तीन ठिकाणांहून येतो. जो हवा असतो तो कोणीच आणीत नाहीं. आणि घरचीं माणसें कार्य बाजूस ठेवून मदतीस आलेल्यांच्याच सरबराईंत गुंतून पडतात. पुष्कळ सुगरणी जमल्या कीं भाजी अळणी राहते, असें आपल्याकडे म्हणतात त्यांतील मर्म हेंच आहे.

जें लग्नघराचें तेंच दरिद्री राष्ट्राचें. गेल्या कांहीं दशकांत श्रीमंत राष्ट्रें गरीब राष्ट्रांना केवळ धान्य व औषधें देऊन थांबलेलीं नाहींत. त्या राष्ट्रांचा व्यापार वाढावा म्हणून जकातीच्या नाक्यांची सुधारणा, व्यापारी कायद्यांची रचना, मालाची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळा, अधिकाऱ्यांचें शिक्षण अशा कामांसाठींहि तीं द्रव्य देतात. डिसेंबर २००५ मध्यें हाँगकाँग येथें जागतिक व्यापार संघटनेची जी परिषद भरली तींत या साहाय्यास एका स्वतंत्र उपक्रमाचें रूप आलें. परंतु द्रव्य देणारे दहा आणि घेणारा एक, अशा स्थितींत त्या दहांच्या देणग्या एका योजनेंत बसवावयाच्या कोणीं? हा प्रश्न दिसावयास रूक्ष आहे. पण त्याच्या उत्तरावर लक्षावधि शेतकऱ्यांची व विणकरांची भाकरी अवलंबून असते. कंबोडिया या देशाच्या उदाहरणावरून तो आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

कंबोडिया म्हणजे आपल्या प्राचीन परिचयाचा कंबुज देश. अंगकोरच्या राजांनीं शेकडों शिलालेख संस्कृतांत कोरविले, आणि त्यांतील वृत्तबद्ध रचना पाहून संस्कृताच्या अभ्यासकास आजहि विस्मय वाटतो. अशा या देशावर १७ एप्रिल १९७५ पासून ७ जानेवारी १९७९ पर्यंत ख्मेर रूज पक्षाची जी राजवट होती, तिनें लक्षावधि माणसें तर मारलींच, पण व्यापार ही गोष्टच नाहींशी करून टाकली. शहरें ओस पाडलीं, बाजार बंद केले, नाणें रद्द केलें आणि मध्यवर्ती पेढीची इमारत सुरुंगानें उडवून दिली. पुढें १९८० सालीं रिएल हें चलन पुन्हां सुरू झालें, तेव्हां त्या राष्ट्रास देवघेवीचा ओनामा नव्यानें गिरवावा लागला. हिशेब जाणणारा, कायदा जाणणारा, परभाषा जाणणारा असा जो वर्ग कोणत्याहि राज्याचा कणा असतो, तोच बहुतेक नष्ट झाला होता.

ऑक्टोबर १९९१ मध्यें पॅरिस येथें शांततेचा करार झाला, १९९३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालीं निवडणुका झाल्या, आणि मग दात्यांची रीघ लागली. त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु प्रत्येक दात्याची रीत निराळी. एकाचें आर्थिक वर्ष जानेवारींत सुरू होतें, तर दुसऱ्याचें एप्रिलांत. एकास हिशेब एका नमुन्यावर हवा, तर दुसऱ्यास दुसऱ्या. खरेदीचे नियम निराळे, सल्लागार निराळे. प्रत्येकाचें पाहणी-मंडळ स्वतंत्रपणें येणार आणि तेच प्रश्न त्याच अधिकाऱ्यास विचारणार. मंत्रालयांत इंग्रजी व हिशेब या दोहोंत निपुण अशीं माणसें मोजकींच. त्यांचा दिवस अहवाल लिहिण्यांत आणि पाहुण्यांची ऊठबस करण्यांत सरावयाचा. याहून मोठी हानि निराळीच. सरकारी पगार अत्यंत तुटपुंजा, आणि दात्यांनीं आपापल्या कामासाठीं उघडलेल्या कचेऱ्यांत त्याच्या कित्येक पट वेतन. तेव्हां मंत्रालयांतील हुशार तरुण तिकडे ओढला जाई. राज्य सबळ करण्यासाठीं आलेल्या पैशानेंच राज्य दुबळें व्हावें, हा विपरीत परिणाम कोणाच्याहि मनांत नव्हता. पण तो घडत होता खरा.

हें दुखणें एकट्या कंबोडियाचें नव्हतें. म्हणून १९९७ सालीं जागतिक व्यापार संघटना, जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधि, आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्र आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्था अशा सहा संस्थांनीं मिळून अत्यंत मागासलेल्या राष्ट्रांसाठीं एक ‘एकात्मिक चौकट’ उभी केली. कल्पना अशी कीं, गरीब राष्ट्रानें आपल्या गरजा एकदांच सांगाव्या आणि सहाहि संस्थांनीं मिळून त्या भागवाव्या. परंतु पहिलीं तीन वर्षें जवळ जवळ फुकट गेलीं. राष्ट्रांनीं गरजांच्या लांबलचक याद्या केल्या. त्यांतील कोणती आधीं व कोणती मागून याचा विचार नव्हता, आणि चौकटीजवळ स्वतःचें द्रव्यहि नव्हतें. मागणाऱ्यास वाटे, यादी दिली कीं पैसे येतील. देणाऱ्यास वाटे, यादी करणें म्हणजेच काम झालें.

तेव्हां २००० सालीं त्या चौकटीची पुनर्रचना होऊन कंबोडिया, मादागास्कर व मॉरिटानिया या तीन देशांत नव्या पद्धतीची परीक्षा घेण्याचें ठरलें. या पद्धतींत वैद्यकीचाच क्रम होता. प्रथम निदान, मग औषधयोजना. देशाच्या व्यापाराची सांगोपांग पाहणी करावयाची. अडचणी कोठें आहेत तें शोधावयाचें. आणि कोणतें काम कोणीं, केव्हां व कोणत्या द्रव्यानें करावयाचें याचें एक कोष्टक मांडावयाचें. दात्यानें त्या कोष्टकांतील एकादें घर उचलावें. कोष्टकाबाहेर आपल्या लहरीनें कांहीं करूं नये.

कंबोडियाच्या वाणिज्य मंत्रालयांत त्या काळीं चाम प्रसिध हे मंत्री व सोक सिफाना हे राज्यसचिव होते. या मंडळींपुढें एक निश्चित ध्येय होतें. तें म्हणजे जागतिक व्यापार संघटनेंत प्रवेश. त्यासाठीं अनेक कायदे नव्यानें करावे लागणार होते, आणि कोणाकडून कशासाठीं मदत मागावी हें त्यावरून आपोआप ठरत होतें. २००४ सालीं एप्रिलांत नेपाळनें व ऑक्टोबरांत कंबोडियानें त्या संघटनेंत प्रवेश मिळविला. संघटना स्थापन झाल्यानंतर रीतसर वाटाघाटी करून आंत आलेलीं अत्यंत मागासलेल्या वर्गांतील पहिलीं राष्ट्रें हींच.

पुढें मार्च २००५ मध्यें दाते व घेते यांनीं पॅरिस येथें एक जाहीरनामा काढला. त्याचीं तत्त्वें पांच : योजनेचें स्वामित्व घेणाऱ्याकडे असावें, दात्यानें त्याच्या योजनेस अनुसरावें, दात्यांनीं आपसांत मेळ राखावा, फळाकडे दृष्टि ठेवावी, आणि जाब दोघांनींहि द्यावा. कंबोडियानें हीं तत्त्वें व्यापाराच्या कामास लावून पाहिलीं. सर्व काम तीन खांबांवर उभें केलें : कायदे व संस्था यांची सुधारणा, निर्यातीच्या मालाची वाढ, आणि माणसांचें शिक्षण. सरकारी खातीं, व्यापारी व दाते यांची समिति नेमली. आंतरराष्ट्रीय सहकार्याचें एक खातें मंत्रालयाच्या आंतच ठेवलें. म्हणजे काम करतां करतां जें ज्ञान मिळेल तें परक्या कचेरीबरोबर निघून न जातां घरांतच राहावें. २००७ सालच्या दुसऱ्या पाहणींत निर्यातीस योग्य असे १९ व्यवसाय निवडले. कांहीं दात्यांनीं आपली रक्कम जागतिक बँकेच्या व्यवस्थेखालील एका सामाईक विश्वस्तनिधींत घातली. युरोपीय संघ व डेन्मार्क हे त्यांत होते. प्रत्येकानें निराळी चूल मांडण्यापेक्षां एका चुलीवर स्वयंपाक करावा, असा हा प्रकार.

आतां फळ काय मिळालें तें पाहूं. कंबोडियांत भात उदंड पिके. पण गिरण्या, भांडवल व मालाची प्रतवारी यांच्या अभावीं तें बरेंचसें तसेंच शेजारच्या देशांत जाई आणि नफा दुसऱ्याच्या पदरांत पडे. २०१० सालीं सरकारनें धोरण आंखलें कीं, २०१५ पर्यंत दहा लक्ष टन सडलेला तांदूळ परदेशीं पाठवावयाचा. २००९ सालीं ही निर्यात सुमारें १२ ते १३ हजार टन होती. २०१५ सालीं ती सुमारें ५ लक्ष ३८ हजार टनांवर गेली. उद्दिष्ट साधलें नाहीं, हें उघड आहे. परंतु सहा वर्षांत चाळीसपटींहून अधिक वाढ ही थोडी नव्हे. तेथील सुवासिक तांदळास २०१२, २०१३ व २०१४ अशीं लागोपाठ तीन वर्षें जगांतील उत्तम तांदूळ म्हणून पारितोषिक मिळालें.

दुसरें उदाहरण काळ्या मिरीचें. कंपोत प्रांताची मिरी फ्रेंच अमदानींत नांवाजलेली होती. ख्मेर रूजच्या काळांत ते वेल उजाड झाले. पुढें फ्रेंचांच्या साहाय्यानें शेतकऱ्यांचा संघ झाला, लागवडीचे नियम ठरले, आणि २०१० सालीं ‘कंपोत मिरी’ या नांवास स्थलवाचक नाममुद्रेचें संरक्षण मिळालें. २०१६ सालीं युरोपनेंहि तें मान्य केलें. येथें दात्यानें नुसता पैसा दिला नाहीं. शेतकऱ्याच्या हातीं त्याच्याच गांवाचें नांव परत दिलें. रेशमाची गोष्ट मात्र तितकी सोपी नाहीं. तेथील विणकर कुशल, पण सूत बहुतेक चीन व व्हिएतनाम येथून येणारें. आपल्या येवल्याच्या पैठणीसहि रेशीम बाहेरून आणावें लागतें. परंतु तें आपल्याच देशांतील कर्नाटकांतून येतें. परदेशीं सुतावर उभ्या राहिलेल्या मागाचा नफा किती टिकाऊ, हा प्रश्न नुसत्या विक्रीच्या युक्त्यांनीं सुटत नाहीं.

या व्यवस्थेच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा घरची. दाते अधिकाऱ्यांना पगाराशिवाय जें पूरक वेतन देत, तें सरकारनें २०१० च्या प्रारंभीं एकाएकीं बंद केलें. तत्त्वतः तें योग्य होतें. पण मूळ पगार पुरेसा झालेला नव्हता, म्हणून अनेक कामें अडलीं आणि त्याच वर्षीं दुसरी तात्पुरती तोड काढावी लागली. दुसरी मर्यादा बाहेरची. ज्या युरोपीय संघानें या कामास द्रव्य दिलें, त्यानेंच इटलींतील शेतकऱ्यांच्या रक्षणार्थ जानेवारी २०१९ पासून कंबोडियाच्या तांदळावर पहिल्या वर्षीं दर टनास १७५ युरो जकात बसविली. पुढें मानवी हक्कांच्या पायमल्लीच्या कारणावरून ऑगस्ट २०२० पासून जकातमाफीची सवलतहि अंशतः काढून घेतली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेबद्दल मतभेद होतील. परंतु एक हात गिरणी उभारावयास पैसे देतो आणि दुसरा हात बाजाराचें दार लोटून घेतो, तेव्हां कोणतीहि समिति हतबल होते. दात्यांनीं परस्परांत मेळ राखावा हें ठीकच. पण दात्याच्या स्वतःच्या दोन हातांत मेळ असणें त्याहून अवघड आहे.

हें सर्व आपण कां वाचावें? कारण आपला देशहि आतां दात्यांच्या पंक्तींत बसला आहे. नोव्हेंबर २००० मध्यें सुरू झालेल्या मेकाँग-गंगा सहकार्यांत भारत व कंबोडिया दोघेहि आहेत; अत्यंत मागासलेल्या राष्ट्रांच्या मालास जकातींत सवलत देण्याची योजना भारतानें २००८ सालीं जाहीर केली आणि तिचा लाभ कंबोडियानेंहि घेतला. अंगकोरच्या मंदिरांच्या जीर्णोद्धारांत भारताचे तज्ज्ञ आहेतच. तेथें तर अनेक राष्ट्रांच्या कामाचा मेळ घालण्यासाठीं १९९३ सालापासून एक आंतरराष्ट्रीय समिति आहे, आणि फ्रान्स व जपान तिचे सहाध्यक्ष आहेत. दगडी देवालयाच्या बाबतींत जें शहाणपण लवकर सुचलें, तें माणसांच्या उपजीविकेच्या बाबतींत उशिरां सुचलें, एवढेंच.

शिवाय आपण घरोघर लहान प्रमाणावर दान करीतच असतों. माझ्या नोकरीच्या काळांत एका खेड्यांतील शाळेस निरनिराळ्या सद्गृहस्थांकडून तीन पृथ्वीगोल, दोन घड्याळें व एक बाजाची पेटी आली. पण गळकें छप्पर शाकारण्यास कोणाकडूनहि पैसा आला नाहीं, कारण छपरावर दात्याचें नांव कोरतां येत नाहीं. दात्यांनीं आधीं मुख्याध्यापकास विचारलें असतें तर एका पृथ्वीगोलाच्या किंमतींत कौलें आलीं असतीं. धर्मशास्त्रानें दान देतांना देश, काल व पात्र पाहावयास सांगितलें आहे. त्यांत पात्र म्हणजे केवळ गरजू माणूस नव्हे. आपली गरज ओळखून ती नीट मांडणारा तो पात्र, आणि तें मांडावयाचें बळ त्यास येऊं देणें हा दानाचाच एक भाग होय.

डिसेंबर २०२९ मध्यें कंबोडियानें अत्यंत मागासलेल्या राष्ट्रांच्या यादींतून बाहेर पडावें, असें संयुक्त राष्ट्रांनीं ठरविलें आहे. हें भूषण खरें, पण त्याबरोबर कित्येक सवलती जातील. त्या वेळीं दात्यांनीं किती कोटी दिले याची चौकशी फारशी होणार नाहीं. मंत्रालयांत आपला करार आपण वाचणारीं माणसें किती उरलीं, तांदळाची प्रत आपली आपण तपासतां येते कीं नाहीं, कंपोतच्या शेतकऱ्यांचा संघ स्वतःच्या वर्गणीवर चालतो कीं नाहीं, हेंच विचारलें जाईल. कार्य आटोपून पाहुणे परतल्यावर घर ज्याचें त्यासच सांभाळावें लागतें. म्हणून मदत कितीहि हातांनीं येवो, यादी यजमानानेंच करावी आणि भांडाराची किल्ली त्याच्याच कमरेस असावी.