उधन्याहून : ट्रॉलीचा हिसका

उधना, श्रावण

सुरतेच्या उधना भागातल्या आमच्या गल्लीत दुकानांच्या पाट्या गुजरातीत आहेत आणि ओट्यांवरच्या गप्पा अहिराणीत चालतात. तापी खोऱ्यातला जळगावचा रेल्वेफाटा इथूनच सुटतो. त्याच वाटेने खानदेशातली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या इथे येत राहिली. लूमवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातली पोरं पुष्कळ, पण कापडाचे ताके आणि सुताचे बीम वाहणाऱ्या पिकअपच्या स्टिअरिंगवर हमखास आपला माणूस भेटतो. या शहरात खेपा मोजल्या जातात. चालवणाऱ्याच्या पाठीचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि मला तेच खटकतं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातली देवी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. त्यासाठी उधन्यातली कित्येक घरं गावाकडे धावतात. शेजारचे आबा मिरवणुकीसाठी जनरेटरची दोनचाकी ट्रॉली पिकअपला जोडून साक्रीकडे निघाले होते, मीही सोबत होतो. आदल्या दिवशी उधन्यातच एक चक्कर मारली, तर प्रत्येक ब्रेकला मागून धक्का आणि सुटताना हिसका. आबा एवढंच म्हणाले, "मनी पाठ दुखी ऱ्हायनी."

पिकअपचे पाटे टनावारी मालासाठी बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते वाकतच नाहीत आणि खड्डा सरळ मणक्यात जातो. त्यात मागे ट्रॉली जोडली की आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते : हुकावर किती भार पडतो? ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा. कमी पडला तर ट्रॉली शेपटीसारखी हलते आणि हूक वरखाली आपटतो. जास्त झाला तर पिकअपची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो. हूक मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, म्हणून तिथले दीडशे किलो मागच्या चाकांना दोनशेसारखे जाणवतात. अमेरिकेत मुक्कामाची गाडी ओढणारी मंडळी हा भार पुढच्या चाकांकडे वळवणारे स्प्रिंगदांड्यांचे हूक बसवतात. आपल्याकडे सामान हलवणं हाच उपाय.

आम्ही वजनकाट्यावर गेलो. आधी सोडलेली ट्रॉली मोजली : 1,100 किलो. मग ती पिकअपला जोडून फक्त तिची चाकं काट्यावर घेतली : 1,060. म्हणजे हुकावर अवघे चाळीस! डिझेलचा ड्रम आणि केबलची बंडलं कोणीतरी घाईत मागच्या टोकाला टाकली होती. ती ट्रॉलीच्या चाकांच्या पुढे आणून घट्ट बांधली, तेव्हा हुकावर 130 आले.

हिसका मात्र तसाच. आबांनी हुकाची पिन काढून माझ्या हातात दिली. मधोमध झिजून ती कमरेसारखी बारीक झाली होती आणि हुकाचं भोक लांबट पडलं होतं. तेवढ्या फटीत ट्रॉली आधी मागे राहते, मग आपटते. लूमचे बुश कातणाऱ्या लेथवाल्याने भोक गोल करून त्यात बुश ठोकला, नवी जाड पिन कातून दिली. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. उधन्याचं हे मला फार आवडतं : कापडाच्या यंत्रासाठी शिकलेला हात कुठल्याही यंत्राला कामी येतो.

टायरमधली हवा दारावरच्या तक्त्याप्रमाणे, म्हणजे भाराला साजेशी भरली. रिकाम्या गाडीतही पूर्ण मालाची हवा ठेवायची सवय इथे सर्रास आहे, आणि बरीच आदळआपट त्या सवयीची असते. गळका शॉकअपही बदलला.

शनिवारी पहाटे निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड. नवापूरला राज्याची हद्द ओलांडली. पुढे कोंडाईबारीच्या घाटात पाऊस सुरू झाला. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, उतारावर ती गाडीला ढकलते. म्हणून आबांनी प्रत्येक उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकला. एका वळणावर मागून किंचित झुलल्यासारखं वाटलं, तेव्हा त्यांनी ब्रेकला पाय लावलाच नाही. नुसता ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि ट्रॉली आपोआप रांगेत आली. साक्रीला उतरल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवला नाही, हे मी मुद्दाम पाहिलं.

मंगळवारी परत निघताना ड्रम रिकामा होता, म्हणजे पुढचा भार घटला होता. मी काही बोलायच्या आत आबांनी केबलचं राहिलेलं एक बंडल उचलून पुढे, हुकाजवळ ठेवलं आणि दोर आवळला.