यंत्र मिळाले, अन्नाचे काय?

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांतून ही सेवा विनामूल्य मिळण्याची वाट मोकळी झाली. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह होते. परंतु यंत्राची सोय झाली म्हणजे जीविताची हमी मिळाली, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. कारण यंत्राला जोडलेला रुग्ण पुष्कळदा उपासमारीने खंगत असतो.

१९९० साली लॉरी आणि ल्यू या अमेरिकन संशोधकांनी बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण जितके खालावलेले, तितका मृत्यूचा धोका अधिक, असे आढळून आले. अल्ब्युमिन केवळ कुपोषणाने नव्हे, तर शरीरातील दाहानेही घटते, हे खरे. तथापि ही दोन्ही संकटे बहुधा हातात हात घालूनच येतात. एरवी घातक मानला जाणारा स्थूलपणा या रुग्णांत मात्र अधिक आयुष्याशी निगडित दिसतो, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे.

याचे मूळ पथ्याच्या एका गैरसमजातही आहे. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डाळ, अंडी, मांस कमी करण्याचा सल्ला मिळतो, आणि तो योग्यच असतो. डायलिसिस सुरू होताच मात्र गरज जवळजवळ दुप्पट होते. पन्नास किलो वजनाच्या माणसाला रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात, कारण प्रत्येक वेळी काही ग्रॅम अमिनो आम्ले यंत्रातून वाहून जातात. घरात मात्र पथ्याची जुनी चिठ्ठीच शिरसावंद्य राहते. त्यात मीठ, पोटॅशियम, फॉस्फरस यांवरील निर्बंधांची भर पडते आणि रुग्णासमोर उरते ती केवळ ‘नको’ची यादी. खर्चापायी आठवड्यातील तीन खेपांच्या दोनच केल्या, की शरीरात साठलेली विषद्रव्ये उरलीसुरली भूकही मारतात.

शासनाला हे तत्त्व अपरिचित नाही. क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यात येऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. औषधाला अन्नाची जोड हवी, हे तेथे मान्य झाले. मग येथे का नसावे? प्रत्येक केंद्रास आहारतज्ज्ञ मिळावा, रुग्णाच्या वजनाची व अल्ब्युमिनची नियमित नोंद व्हावी, आणि प्रत्येक खेपेला उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग किंवा शाकाहारी रुग्णास योग्य असा पर्याय द्यावा. खाताना ज्यांचा रक्तदाब खालावतो, त्यांना तो डायलिसिस आटोपल्यावर देता येईल.

खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. परंतु यंत्र, पाणी शुद्धीकरण आणि प्रशिक्षित कर्मचारी यांवर होणाऱ्या खर्चापुढे दोन अंड्यांची किंमत ती काय? रुग्णाला यंत्रापर्यंत आणून भुकेने मरू देणे, हीच खरी उधळपट्टी होय.